तुरुंगाच्या आवारात कोंडलेला नागरिक

बंगळूर शहराच्या मध्यभागी, शेषाद्री रस्त्यालगत, एकोणिसाव्या शतकात बांधलेला मध्यवर्ती तुरुंग होता. २६ जून १९७५ रोजी संसदीय समितीच्या कामासाठी बंगळुरात आलेल्या विरोधी पक्षांच्या खासदारांना पोलिसांनी अटक केली आणि या तुरुंगात डांबले. कोकणातील राजापूर मतदारसंघाचे प्रतिनिधी प्रा. मधू दंडवते त्यांच्यात होते. दम्याने आजारी असलेल्या अभिनेत्री स्नेहलता रेड्डी यांना याच ठिकाणी बंदिवासात ठेवण्यात आले. जानेवारी १९७७ मध्ये पॅरोलवर सुटका झाल्यानंतर अवघ्या काही दिवसांत त्यांचा मृत्यू झाला. (त्या काळात कम्युनिस्ट चळवळीतील एका प्रवाहाने आणीबाणीला पाठिंबा देण्याची गंभीर चूक केली होती व १९७८ च्या भटिंडा अधिवेशनात ती मान्यही केली. नागरी हक्कांविषयी लिहिताना आपण हे विसरू नये.)

पुढे कैदी परप्पन अग्रहार येथील नव्या कारागृहात गेले, जुन्या जागेत बाग झाली, कोठड्या आणि टेहळणीचा मनोरा जतन करण्यात आला आणि या बागेला 'फ्रीडम पार्क' असे नाव मिळाले. येथपर्यंत तक्रारीचे कारण नाही. परंतु २०२१ मध्ये बंगळूर शहर पोलिसांनी निदर्शने व मोर्चे यांचे 'नियमन' करणारा जो आदेश काढला, त्यानुसार शहरातील नागरिकाला सरकारचा निषेध करावयाचा असेल तर तो परवाना मागून, ठरलेल्या वेळी, या जुन्या तुरुंगाच्या आवारातच केला पाहिजे. वाहतुकीच्या कोंडीबाबत कर्नाटक उच्च न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतलेल्या याचिकेतून हा विषय पुढे आला होता. २०२२ मध्ये न्यायालयाने या आदेशाची काटेकोर अंमलबजावणी करण्यास सांगितले. एक कोटीच्या घरातील लोकसंख्येच्या शहरात निषेधाला एकच पत्ता उरला.

त्याचे परिणाम लगेच दिसू लागले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सँकी रस्त्याच्या रुंदीकरणाला आणि उड्डाणपुलाला विरोध करीत मल्लेश्वरम् भागातील रहिवासी शांतपणे चालत निघाले, तर त्यांच्यावर गुन्हा नोंदविण्यात आला. ऑक्टोबर २०२३ मध्ये एम. जी. रस्त्यावर पॅलेस्टाईनच्या जनतेच्या समर्थनार्थ जमलेल्यांच्या वाट्यालाही तेच आले. पहिल्या वेळी राज्यात भारतीय जनता पक्षाचे सरकार होते, दुसऱ्या वेळी काँग्रेसचे. मे २०२३ मध्ये विधानसौधातील माणसे बदलली. पोलिसांचा आदेश मात्र जागचा हलला नाही.

हा आदेश कोणाविरुद्ध आहे हे समजून घ्यावयाचे असेल तर तो निघण्यापूर्वीची बंगळूर आठवली पाहिजे. १० फेब्रुवारी २०१६ रोजी केंद्र सरकारने भविष्य निर्वाह निधीच्या नियमांत बदल करून मालकाच्या वर्गणीची रक्कम कामगाराला वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही अशी तरतूद केली. दिल्लीतील सचिवालयात ही दुरुस्ती फार मोठी वाटली नसेल. परंतु बंगळूरच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत काम करणाऱ्या लाखो कामगारांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. तेथे ५८ व्या वर्षापर्यंत एका शिलाई यंत्रावर टिकणारी स्त्री विरळाच. डोळे जातात, पाठ जाते, कारखाना एका रात्रीत दुसरीकडे हलतो. नोकरी सुटली की फंडाचे पैसे हातात येतात आणि त्यातून मुलांची फी, घरातील आजारपण, सावकाराचे देणे भागते. तिच्या आयुष्यातील बहुधा ही एकमेव बचत असते, आणि तीच सरकारने कुलूपबंद केली होती.

१८ एप्रिल २०१६ रोजी या स्त्रिया कारखान्यांतून बाहेर पडल्या आणि होसूर रस्त्यावर बसल्या. दुसऱ्या दिवशी हे लोण शहराच्या इतर औद्योगिक भागांत पसरले. कोणत्याही मध्यवर्ती संघटनेने हाक दिली नव्हती; खरे सांगावयाचे तर कामगार संघटनांनाही हा उठाव अनपेक्षित होता, आणि आपल्यापैकी ज्यांनी वस्त्रोद्योगातील स्त्रियांचे संघटन 'कठीण' म्हणून पुढे ढकलले त्यांनी त्याचा विचार करावयास हवा. पोलिसांनी लाठ्या चालविल्या, अश्रुधूर सोडला. काही ठिकाणी बसगाड्या पेटल्या, हेही नाकारण्याचे कारण नाही. आणि १९ एप्रिललाच केंद्र सरकारने ती अधिसूचना मागे घेतली. संसदेत कोणीही न मिळविलेला विजय अवघ्या दोन दिवसांत या स्त्रियांनी मिळविला.

आता अशी कल्पना करा की त्या दिवशी हा आदेश अस्तित्वात होता. पाळी सुटण्याआधी अर्ज लिहावयाचा, आयोजकाचे नाव द्यावयाचे, किती लोक येणार ते सांगावयाचे, आणि परवाना हाती आल्यावर एका दिवसाचा पगार बुडवून, दोन बस बदलून शेषाद्री रस्ता गाठावयाचा. ज्या उठावाला नेताच नव्हता, त्याच्या वतीने अर्जावर सही कोणी केली असती?

केवळ कष्टकऱ्यांपुरतीच ही गोष्ट नाही. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला बसवेश्वर चौकापासून हेब्बाळपर्यंत होऊ घातलेल्या सुमारे पावणेसात किलोमीटरच्या पोलादी उड्डाणपुलाविरुद्ध हजारो नागरिकांनी मानवी साखळी धरली. १,७९१ कोटी रुपयांच्या या प्रकल्पासाठी आठशेहून अधिक झाडे तोडली जाणार होती. साखळी त्याच मार्गावर होती, त्याच झाडांखाली होती. वाटसरूला समजत होते की विरोध कशाला आहे. मार्च २०१७ मध्ये सरकारने प्रकल्प सोडून दिला. गौरी लंकेश यांची ५ सप्टेंबर २०१७ रोजी त्यांच्या घरासमोर हत्या झाली, त्यानंतर माणसे जमली ती टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर. कॉ. गोविंद पानसरे यांच्या हत्येनंतर महाराष्ट्र कसा रस्त्यावर आला हे पाहिलेल्या वाचकाला त्या पायऱ्यांचा अर्थ वेगळा सांगावयास नको. निषेधाची जागा हा निषेधाचाच भाग असतो.

वाहतुकीचा युक्तिवाद आम्ही हसण्यावारी नेत नाही. कोंडीत अडकलेल्या रुग्णवाहिकेतील रुग्ण हा बहुधा आपल्याच वर्गाचा असतो. श्रीमंताचे इस्पितळ त्याच्या घराजवळ असते. परंतु बंगळुरातील कोंडी मोर्चांनी निर्माण केलेली नाही. ज्या शहरात नोंदणीकृत वाहने एक कोटीच्या पुढे गेली आणि सार्वजनिक बसगाड्या सात हजारांच्या आसपासच राहिल्या, तेथे मोर्चा निघो वा न निघो, रस्ता तुंबणारच. शिवाय रस्त्यावर येणारे लोक बेजबाबदार असतात हे गृहीतच खोटे आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून चालत आलेले हजारो शेतकरी मुंबईच्या वेशीवर पोचले, तेव्हा दहावीच्या परीक्षार्थींची अडचण होऊ नये म्हणून रक्ताळलेल्या पायांनी ते रात्रीतूनच आझाद मैदानापर्यंत चालत गेले. कोणत्याही पोलीस आयुक्ताच्या आदेशाने त्यांना हे शिकविले नव्हते.

फ्रीडम पार्कमध्येही लढे यशस्वी होतात, असे कोणी दाखवून देईल. बंगळूरच्या पौरकार्मिकांनी, म्हणजे सफाई कामगारांनी, जुलै २०२२ मध्ये नोकरीत कायम करण्याच्या मागणीसाठी तेथेच ठाण मांडले. सरकारला नमावे लागले आणि १ मे २०२५ रोजी १२,६९२ कामगारांना कायम नियुक्तीची पत्रे मिळाली. परंतु त्या चार दिवसांत सरकारला घाम फोडला तो त्या आवारातील घोषणांनी नव्हे, आवाराबाहेर न उचललेल्या कचऱ्याने. ज्याच्या हाती संपाचे हत्यार नाही अशा झोपडपट्टीतील रहिवाशाने, विद्यार्थ्याने, फेरीवाल्याने त्या भिंतींआड ओरडून कोणाला ऐकवावे?

कायदाही इतका एकतर्फी नाही. हिंमतलाल शहा विरुद्ध अहमदाबादचे पोलीस आयुक्त या १९७२ मधील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की सार्वजनिक रस्त्यावरील सभेचे नियमन करता येईल, सरसकट बंदी घालता येणार नाही. २०१८ मध्ये दिल्लीतील जंतरमंतरवरील संपूर्ण बंदी त्याच न्यायालयाने अमान्य केली. शाहीनबाग प्रकरणात २०२० मध्ये न्यायालयाचा सूर बदलला व 'ठरवून दिलेल्या जागा' हा शब्दप्रयोग प्रशासनाच्या हाती आला. खुद्द बंगळुरात १९ डिसेंबर २०१९ रोजी, नागरिकत्व कायद्याविरुद्ध जमणाऱ्यांना रोखण्यासाठी फौजदारी संहितेचे कलम १४४ लावण्यात आले आणि टाऊन हॉलसमोर इतिहासकार रामचंद्र गुहा यांच्यासह अनेकांना ताब्यात घेतले गेले. मुख्य न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने फेब्रुवारी २०२० मध्ये तो जमावबंदीचा हुकूम बेकायदा ठरविला. अशा तात्पुरत्या हुकमाला निदान न्यायालयात कारणे द्यावी लागतात. कायमस्वरूपी 'नियमना'त तीही कटकट उरत नाही.

एवढ्यावरच भागले असते तर नागरिक म्हणाला असता: ठीक आहे, रस्ता बंद असेल तर मी माझ्या नगरसेवकाकडे जातो. परंतु नगरसेवक कोठे आहे? बृहत् बंगळूर महानगरपालिकेची निवडणूक ऑगस्ट २०१५ मध्ये झाली. १९८ प्रभागांच्या त्या सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाकडून त्याला स्थगिती मिळाली. मग प्रभागांची संख्या २४३ झाली. मग आरक्षणाची यादी न्यायालयात टिकली नाही. मग सरकार बदलले आणि प्रभाग २२५ झाले. मग महापालिकाच राहिली नाही: सप्टेंबर २०२५ मध्ये तिचे पाच तुकडे करून पाच नव्या महापालिका स्थापन करण्यात आल्या, आणि त्या क्षणी या शहराला एकही निवडून दिलेला नगरसेवक नसल्याला पाच वर्षे पूर्ण होत आली होती. ही पहिलीच वेळ नव्हे. नोव्हेंबर २००६ नंतरही मार्च २०१० पर्यंत बंगळूर अशीच निर्नायकी होती. त्याही वेळी निमित्त पुनर्रचनेचेच होते.

राज्यघटनेच्या २४३-यू या अनुच्छेदानुसार महापालिकेची मुदत पाच वर्षांची असते आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे. प्रभागरचना अपुरी आहे ही सबब चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये मध्य प्रदेशच्या प्रकरणात बजावले आहे. महाराष्ट्रातील वाचकांना हे नाटक परिचित आहे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झाले जानेवारी २०२६ मध्ये. देशातील सर्वांत श्रीमंत महापालिकेची तिजोरी जवळजवळ चार वर्षे एका सनदी अधिकाऱ्याच्या किल्लीने उघडत होती. आणि ज्या मुंबईत एके काळी गिरणी कामगारांचे मोर्चे काळा घोड्यापर्यंत जात, तेथे बंगळूरच्या फार आधीच मोर्चाला आझाद मैदानाच्या कुंपणात नेऊन बसविण्यात आले, हेही आपल्याला ठाऊक आहे.

सभागृह नसताना निर्णय थांबले नाहीत. हेब्बाळ ते सिल्क बोर्ड असा सुमारे १७ किलोमीटरचा, सतरा हजार कोटींहून अधिक खर्चाचा भुयारी मार्ग याच काळात पुढे रेटण्यात आला. मोटारवाल्यांसाठी शहराच्या पोटातून रस्ता खणावयाचा की तेवढ्याच पैशात बसगाड्या आणि उपनगरी रेल्वे वाढवावयाची, हा प्रश्न नगरसेवकांच्या एकाही सभेत चर्चेला आला नाही, कारण सभाच नव्हती. १ एप्रिल २०२५ पासून कचरा उचलण्याचे शुल्क मालमत्ता करासोबत वसूल होऊ लागले. त्यावरही कोणी निवडून आलेल्या सभासदाने हात वर केला नाही. नव्या कायद्याने पाच महापालिकांच्या डोक्यावर जे बृहत् बंगळूर प्राधिकरण बसविले आहे त्याचे अध्यक्ष स्वतः मुख्यमंत्री आहेत. म्हणजे निवडणुका झाल्या तरी मोठ्या रकमेची कंत्राटे आणि मोठ्या जमिनींचे निर्णय विधानसौधातूनच होण्याची सोय आगाऊ करून ठेवलेली आहे. या शहरात जमीन हेच सर्वांत मोठे भांडवल झाले आहे. प्रभागातील माणसांना उत्तर द्यावे लागणारा नगरसेवक, तो कितीही भ्रष्ट असला तरी, या व्यवहारात अडचण असतो. प्रशासक अडचण नसतो.

'नगरसेवक हवेतच कशाला, ते तर कंत्राटदारांचेच भागीदार', असे म्हणणारे रहिवासी बंगळुरात पुष्कळ आहेत, आणि त्यांचा अनुभव खोटा नाही. परंतु चोर नगरसेवकाला पाच वर्षांनी घरी पाठविता येते. प्रशासकाला घरी पाठविण्याचा मार्ग नागरिकापाशी नाही. त्याच्या कचेरीसमोर उभे राहावे, तर तेही आता गुन्हा ठरते. म्हणूनच या दोन गोष्टी वेगवेगळ्या मानता येत नाहीत. ज्या काळात मताचा हक्क गोठविला गेला त्याच काळात रस्त्याचा हक्कही काढून घेतला गेला, आणि एका हक्काची उणीव दुसऱ्याने भरून काढण्याची वाट त्यामुळे बंद झाली.

कर्नाटक सरकारने २०२१ चा पोलीस आदेश मागे घ्यावा. शहराच्या प्रत्येक विभागात, कारखान्यांच्या आणि वस्त्यांच्या जवळ, विनापरवाना सभेच्या जागा खुल्या कराव्या. शांततेने चालणाऱ्या नागरिकांवर घातलेले खटले काढून टाकावे. पाच नव्या महापालिकांत निवडून जाणाऱ्या सदस्यांकडून, ते कोणत्याही पक्षाचे असोत, बंगळूरच्या जनतेने पहिल्याच सभेत दोन ठराव मागावेत: एक या आदेशाविरुद्ध, आणि दुसरा, सभागृह नसताना मंजूर झालेला प्रत्येक मोठा प्रकल्प, भुयारी मार्गापासून सुरुवात करून, पुन्हा सभागृहासमोर आणण्याचा.