संदेशाचा रकाना

एका एकांकिका स्पर्धेच्या यंदाच्या प्रवेशिकेत ‘संहितेतून दिला जाणारा संदेश’ असा रकाना आला आहे. पुढे छापील पर्याय: पर्यावरण, व्यसनमुक्ती, स्त्री-सन्मान, राष्ट्रप्रेम. ‘इतर’ लिहिणाऱ्या मंडळांच्या संहिता ‘संदेश स्पष्ट करावा’ असा शेरा मारून परत आल्या. लांजा, राजापूर, चिपळूणहून आलेल्या पत्रांतला राग रास्त आहे. संदेश शेवटच्या प्रवेशात कुणालाही चिकटवता येतो. ही गोष्ट सांगावीशी का वाटली, ते मात्र लेखकालाही दुसऱ्या-तिसऱ्या खर्ड्यात उमगतं.

आमच्याकडे ब्रह्मदेशच्या थिबा राजावरच्या संहिता येत राहतात. 1885 ची पदच्युती, 1886 मध्ये रत्नागिरी, 1910 चा राजवाडा, 1916 मध्ये मृत्यू. सनावळी चोख आणि शेवटी मायभूमीवर लांबलचक स्वगत. नुकत्याच वाचलेल्या अशा एका संहितेत अर्धंच पान जिवंत होतं. राजाच्या मागे कुटुंब ब्रह्मदेशात परततं, पण थोरली राजकन्या लेकीला घेऊन पुन्हा रत्नागिरीत येते. लेकीचा बाप राजवाड्यावरचाच नोकर, इथला, आधीच संसार असलेला.

हे पान का लिहिलंस, असं लेखकाला विचारलं. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, “माझी आत्या अशीच परत आली होती, पोर घेऊन. आजीनं घरात घेतलं, पण पाहुणे आले की तिला माजघरातनं बाहेर येऊ दिलं नाही.”

नाटक तिथं आहे! परत आलेल्या बाईला घर आणि गाव कुठपर्यंत आत घेतं, हे त्याला विचारायचं होतं आणि तो दरबार लिहीत बसला होता. आता दरबाराचे प्रवेश आपोआप गळतील. परतल्यावर जन्मभर रत्नागिरीतच राहिलेली थोरलीची लेक मधोमध येईल. या नाटकासाठी कुठल्या चौकोनात खूण करायची, ते संयोजकांनीच सांगावं. नाहीतर रकाना काढून टाकावा.

मंडळांनीही हात झटकू नयेत. नेपथ्य आणि प्रकाशयोजनेची बोलणी आषाढात होतात. संहितेचं पहिलं वाचन मात्र स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी. तेव्हा लेखकाला ‘का?’ विचारायला कुणाला सवड असते? पात्रं वाटण्याआधी वाचन लावा. कापायला सांगितल्यावर लेखक ज्या प्रवेशासाठी भांडतो, त्याच्यापाशी थांबा आणि त्याला बोलतं करा. अडलं तर संहिता आमच्याकडे धाडा. गणपतीआधी आलेल्या प्रत्येक संहितेवर लेखी अभिप्राय देऊ.