शिट्टी झाली, शेरू पलंगाखाली!

कुकरची शिट्टी झाली की तुमचा शेरू थेट पलंगाखाली? लिफ्ट दिसली की चारही पाय रोवून उभा? बॉस, हे नखरे नाहीत, ही भीती आहे. आपल्याला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, त्याला ४५,०००पर्यंतचे! त्यामुळे ओढाताण नको, आरडाओरडा तर नकोच. शिट्टी मोबाइलवर रेकॉर्ड करा. अगदी हळू आवाजात लावा आणि लगेच चिकनचा किंवा पनीरचा तुकडा द्या. खाणं सोडून तो पळाला, तर आवाज जास्त झाला, कमी करा. रोज पाचच मिनिटं, पण आठवडे लागतील. आणि घाबरून कुशीत शिरला, तर खुशाल जवळ घ्या. त्यानं भीती वाढत नाही. दिवसभर तुमची वाट बघणाऱ्याचा एवढा हक्क आहेच की!