"नांदते ना नीट?"

आमच्या कराडकडे लग्न झालेल्या मुलीबद्दल पहिला प्रश्न ठरलेला असतो, "नांदते ना नीट?" जावयाबद्दल 'नांदतो का' असं कुणी विचारलेलं मी तरी आजवर ऐकलेलं नाही. आणि नाहीच जमलं तर? मग आवाज खाली आणून सांगायचं, "हल्ली ती माहेरीच असते." बस्स. या एका वाक्यावर आमच्याकडे दहा-दहा वर्षं निघतात.

मंडळी, आजचा राग या वाक्यावर आहे. आणि 'घटस्फोट फार वाढले हो' म्हणून उसासे टाकणाऱ्यांवरही (त्यातले निम्मे नातेवाईक हे वाचतायत, मला माहीत आहे!). २०११ च्या जनगणनेत देशभरात घटस्फोटित म्हणून नोंदलेली माणसं साडेतेरा लाखांच्या आसपास होती. नुसती 'विभक्त' म्हणून नोंदलेली त्याच्या अडीच पटीहून जास्त. म्हणजे लग्न मोडलेलं असतंच, मोडल्याचा कागद तेवढा नसतो. आणि या कागद नसण्यालाच आपण संस्कृती म्हणतो.

आपल्या भागाला हे कुणी नव्याने सांगायला नको. कराडहून कोल्हापूरकडे निघालं की वाटेत कासेगाव लागतं. तिथल्या इंदुताई पाटणकर, प्रतिसरकारच्या काळापासूनच्या कार्यकर्त्या, पुढे परित्यक्ता बायकांना एकत्र आणत राहिल्या. १९८८ साली संगमनेरला निशा शिवूरकर आणि समता आंदोलनाने परित्यक्तांची परिषद भरवली. या बायकांच्या मागण्या काय होत्या? स्वतंत्र रेशनकार्ड, डोक्यावर छप्पर, पोटगी. सासरच्या कार्डाचा उपयोग नाही आणि भावाच्या कार्डावर नाव चढत नाही, अशा बाईने साखर कुठून आणायची, इतका साधा प्रश्न होता तो.

आता नेहमीचे प्रश्न. लोक काय म्हणतील? ते आत्ताही म्हणतायतच. मुलांचं काय? मुलं आजोळीच वाढतायत, बापाला वर्षातून एकदा पाहतायत, त्यांना काय कळायचं ते कळलेलं आहे.

कोर्टात चपला झिजतात, हे मात्र खरं. एकाने अडून बसायचं ठरवलं तर वर्षं जातात. पण दोघंही तयार असतील तर १९७६ पासून सहमतीचा रस्ता आहे. वर्षभर वेगळं राहिल्यावर अर्ज, मग सहा महिने थांबणं. २०१७ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की योग्य कारण असेल तर ते सहा महिनेही माफ करता येतात.

त्याऐवजी आमच्याकडे काय करतात? चार पंच जमवायचे, स्टॅम्पपेपरवर (पूर्वी शंभराचा, आता पाचशेचा!) सोडचिठ्ठी लिहायची, नोटरीचा शिक्का मारायचा, चहा प्यायचा आणि मोकळे. रूढीने होणाऱ्या घटस्फोटाला हिंदू विवाह कायद्यात जागा आहे, काडीमोड त्यातलीच. पण तशी रूढी आपल्या समाजात खरंच चालत आलेली आहे, हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. ते नाही जमलं तर तो कागद रद्दी. आणि त्याच्या भरवशावर जिने त्या माणसाशी लग्न केलं, ती कायद्याने बायकोच ठरत नाही. एका सोडचिठ्ठीत दोन बाया अडकल्या. पंच केव्हाच घरी गेलेले असतात.

या सगळ्यात एकच मुद्दा असा आहे की तो उडवून लावता येत नाही. आपल्याकडची शहाणी म्हातारी माणसं म्हणतात, "घटस्फोट नको घेऊस. नाव राहू दे, उद्या जमिनीत उपयोगी पडेल." बायको पहिल्या वर्गातली वारस असते आणि घटस्फोट झाला की तो हक्क जातो, हे बरोबरच आहे. पण वारसाहक्क उघडतो नवरा गेल्यावर. तोवर त्या नावावर ज्वारीचं एक पोतंही घरी येत नाही. आणि स्वतः कमावलेलं तो मृत्युपत्राने दुसऱ्याला देऊन टाकू शकतो. म्हणजे तिशीतल्या पोरीला आपण नवऱ्याच्या मरणाची वाट बघायला बसवतो! पोटगी तर घटस्फोट न घेताही मागता येते. मागितली का कुणी? घटस्फोटानंतरही, पुन्हा लग्न केलं नसेल तर मागता येते. पूर्वीचं ते कलम १२५, जुलै २०२४ पासून नव्या संहितेत १४४.

अडतं कुठे, तर बापाच्या मानापाशी. "आम्हाला त्यांचं काही नको," असं बाप बैठकीत ताठ मानेने सांगतो आणि सगळे वा वा करतात. मान बापाचा, नुकसान मुलीचं. सहमतीच्या अर्जात 'मला काही नको' असं वाक्य दिसलं की तिने पेन खाली ठेवायचं, भले बाप रागावो.

तेव्हा यापुढे कुणाची मुलगी माहेरी आल्याचं कळलं तर नांदण्याची चौकशी नको. कधी आली ते कुठे लिहून ठेवलंय का, हे विचारा. नवऱ्याने सोडून दिलं या कारणावर घटस्फोट मागायला दोन वर्षं भरावी लागतात, ती मोजायला तारीख लागते. दागिने कुणाकडे आहेत, हेही विचारा. स्त्रीधन तिचंच, हे सुप्रीम कोर्टाने १९८५ सालीच सांगून ठेवलंय, पण दागिन्यांची यादी असते आईच्या डोक्यात. ती कागदावर उतरवा. पावत्या सापडत नसतील तर सोनाराकडे जा, त्याच्या जुन्या वह्यांत नोंद असते बहुधा.