काळविटाची वाट

मुंज ठरली म्हणजे बटूसाठीं मृगाजिनाचा तुकडा कोठें मिळेल, अशी विचारणा अद्यापि कांहीं घरांतून होते. कृष्णमृग जेथें स्वभावतः संचार करितो तो देश यज्ञास योग्य, असें मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत सांगितलें आहे. आम्हीं त्या मृगाचें कातडें तेवढें जपलें. त्याची भूमि मात्र विसरलों.

वाशीम जिल्ह्यांतील शेलूबाजारावरून आतां समृद्धि महामार्ग गेला आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजीं खुला झाला. याच जिल्ह्यांत कारंजा-सोहोळ हें काळविटांचें अभयारण्य असून, त्याच्या परिसरांतूनही हा मार्ग जातो. अभयारण्याचा विस्तार अवघा सुमारें 18 चौरस किलोमीटर. अशा गवताळ रानास आपण सहज 'पडीक' म्हणतों; परंतु दूरवर नजर जावी व धांवण्यास मोकळीक असावी, यावरच काळविटाचें जीवित अवलंबून असतें. मध्यें रुंद रस्ता आला कीं कळपांची ताटातूट होते. लहान कळप एकटा पडल्यास पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच संबंध होऊन वंश दुबळा होतो. सगोत्र विवाह वर्ज्य मानणाऱ्या आमच्या वाचकांस हें अधिक समजावून सांगावयास नको.

डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या सल्ल्यानें या महामार्गावर पशूंसाठीं वरून व खालून वाटा ठेविल्या आहेत. परंतु कोणती वाट कोणत्या प्राण्यास मानवते, हें घरीं बसून कळत नाहीं. त्यासाठीं पाउलखुणा पाहणारीं आणि वर्षानुवर्षें टिपणें ठेवणारीं माणसें लागतात. कळप पिकांत शिरतो तेव्हां शेतकऱ्याचा राग रास्तच असतो. त्याचें नुकसान कसें टळेल, हाही याच विद्येचा प्रश्न. हिला संवर्धन-जीवशास्त्र म्हणतात. अमेरिकेंत 1985 सालीं तिच्या अभ्यासकांची संस्था निघाली; मायकेल सूले हे तिच्या संस्थापकांपैकीं एक.

आमच्या घरांतील एखादी मुलगी हें शिकूं म्हणाली, तर 'रानांत हिंडून पोट कसें भरणार?' असें आपण विचारूं. प्रश्न गैर नव्हे. नोकऱ्या थोड्या, आणि त्याही बहुधा मुदतीच्या. तथापि तेवढ्यावरून तिची वाट अडवूं नये. डेहराडूनच्या संस्थेंत एम. एस्सी.चें शिक्षण मिळतें. तेथील माहिती तरी तिच्यासह बसून वाचावी.

आणि मृगाजिनाविषयीं एवढेंच, कीं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें काळविटाच्या कातड्याचा व्यापार हा गुन्हा आहे. तेव्हां बटूस त्याचा तुकडा न बांधतां, एकदां सोहोळच्या माळावर नेऊन जिवंत कृष्णमृग दाखवावा.