पायाखालची प्रतिमा

संकटकाळी धर्मनिष्ठ राहणे म्हणजे काय, असा प्रश्न निघाला की आपल्या सुशिक्षित मंडळींचे उत्तर तयार असते : मरणे. जो मेला तो निष्ठावंत, जो जगला तो तडजोडवाला. परवा एका स्नेह्यांच्या घरी जपानातील छुप्या ख्रिस्ती लोकांची गोष्ट निघाली असता एक वकील गृहस्थ चहाचा पेला खाली न ठेवताच म्हणाले, "दोनशे वर्षे दरसाल आपल्याच देवाच्या प्रतिमेवर पाय दिला, आणि म्हणे धर्म राखला! ह्याला आमच्याकडे भित्रेपणा म्हणतात." शेजारी बसलेल्या एका तरुण प्राध्यापकाने शुसाकु एन्डो ह्यांची १९६६ सालची 'चिन्मोकु' ही कादंबरी नुकतीच वाचली होती, त्याने नेमके उलट टोक धरले. पाय देण्यात काय आहे, धर्म अंतःकरणात असतो, असे त्याचे म्हणणे. मला दोन्ही मते चुकीची वाटतात, आणि दुसरे पहिल्याहून अधिक घातक वाटते. त्या बैठकीत हे सांगण्यास सवड मिळाली नाही, म्हणून येथे सांगतो.

वकीलसाहेबांचे मत आपल्याकडे सहज पटण्यासारखे आहे. १५९७ च्या ५ फेब्रुवारीस नागासाकी येथे ज्या सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारले, त्यांत एक आपल्या वसईचा होता. गोन्सालो गार्सिया हे त्याचे नाव. बाप पोर्तुगीज, आई येथलीच. आधी जेझुइटांचा मदतनीस, मग व्यापारी, आणि शेवटी मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू झालेला हा मनुष्य जपानी भाषा उत्तम जाणत असे, व त्यामुळेच दुभाषी म्हणून तो पुन्हा त्या देशात गेला. १८६२ मध्ये रोमने त्याला संतपद दिले. वसईत त्याच्या नावाचे महाविद्यालय आहे. हा अभिमान रास्त आहे. पण हुतात्म्याचा अभिमान बाळगणे हे फारसे खर्चाचे काम नव्हे. ज्यांना त्या दिवशी मरण आले नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उठावे लागले, त्यांचे काय, हा प्रश्न त्या अभिमानात बुडून जातो.

त्यांची स्थिती काय होती ते पाहावे. १६१४ मध्ये तोकुगावा सरकारने ख्रिस्ती धर्मावर सर्व देशभर बंदी घातली. प्रत्येक कुटुंबाने कोणत्या तरी बौद्ध मंदिरात नाव नोंदवलेच पाहिजे, असा दंडक झाला. पाच-पाच घरांचे गट करून एकाच्या गुन्ह्याची जबाबदारी पाचांवर टाकण्यात आली, आणि चुगलीखोरांना रुप्याची बक्षिसे लागली. नागासाकीच्या बाजूला दरसाल नववर्षाच्या सुमारास ख्रिस्ताची वा मरियेची प्रतिमा जमिनीवर ठेवीत व एकेका घरातील माणसांना बोलावून तिच्यावर पाय ठेवावयास लावीत. तान्ह्या मुलांचेही पाय आया तिला टेकवीत. १६४४ मध्ये देशातील शेवटचा जपानी धर्मगुरू मारला गेला. म्हणजे दीक्षा देणारा नाही, पापनिवेदन ऐकणारा नाही, आणि आपण नाही म्हटले तर प्राण केवळ आपलाच जाईल अशीही खात्री नाही. पाच घरांच्या त्या व्यवस्थेत हौतात्म्य ही खासगी चीज राहिलीच नव्हती. स्वतःच्या मानेवर तलवार घेण्यास तयार असलेला पुरुष शेजाऱ्याच्या पोरांची मान पुढे करण्यास तयार असेलच असे नाही, आणि नसेल तर त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार चहाच्या पेल्याजवळ बसलेल्याला कोणी दिला?

येथपर्यंत आल्यावर तरुण मित्राला आनंद होईल. म्हणूनच सांगतो की, पाय देण्यात काही नव्हते, हे म्हणणे त्या लोकांनीच कबूल केले नसते. 'कोन्चिरिसान', म्हणजे पूर्ण पश्चात्ताप, ह्या विषयावर १६०३ मध्ये जपानीत एक लहानसे पुस्तक झाले होते. धर्मगुरू मिळणे अशक्य असेल तेथे मनापासून पश्चात्ताप करावा आणि धर्मगुरू भेटेल तेव्हा पापनिवेदन करीन असा संकल्प सोडावा, म्हणजे क्षमा मिळते, असे त्यात शिकविले होते. हे पुस्तक त्या शेतकऱ्या-कोळ्यांनी हाताने उतरून, पाठ करून पिढ्यान् पिढ्या जपले. प्रतिमेवर पाय देऊन घरी यावयाचे, आणि दार लावून ती पश्चात्तापाची प्रार्थना म्हणावयाची. पाय देण्यात काही नसते तर ही प्रार्थना कशासाठी? त्यांनी पाप केले, आणि त्याला पापच म्हटले. आपल्या दुबळेपणाचे तत्त्वज्ञान बनविण्याचा मोह त्यांना झाला नाही.

हा मोह कोणाला झाला म्हणाल, तर विद्वानांना. क्रिस्तोवाओ फेरेरा हा जपानातील जेझुइटांचा प्रमुख. १६३३ मध्ये त्याला खड्ड्यात उलटे टांगले. काही तासांत तो नमला. त्याच वेळी त्याच्याबरोबर टांगलेला ज्युलियन नाकाउरा हा वृद्ध जपानी धर्मगुरू मात्र तेथेच मरण पावला. फेरेराच्या नमण्याबद्दल मी त्याला बोल लावणार नाही. त्या खड्ड्यात आपण किती घटका टिकलो असतो हे ज्याने त्याने आपल्याशी ठरवावे. पण पुढे १६३६ मध्ये आपल्या पूर्वीच्या धर्माचे खंडन करणारे पुस्तक त्याच्या नावे निघाले. फाबियान नावाच्या जपानी जेझुइटाची गोष्ट तर आणखी वेगळी. १६०५ मध्ये त्याने ख्रिस्ती धर्माच्या समर्थनार्थ ग्रंथ लिहिला, आणि १६२० मध्ये त्याच्या खंडनार्थ. आम्हां पुस्तकी लोकांची ही जुनी खोड आहे. आमचा पाय घसरला की आम्ही रस्त्यालाच सपाट ठरवितो. नागासाकीजवळच्या उराकामी खेड्यातील अक्षरशत्रूंना ही सोय उपलब्ध नव्हती.

त्यांच्यापाशी होते ते इतकेच : सणांचे पंचांग राखणारा एक जण, पाण्याने दीक्षा देणारा एक जण, निरोप पोचविणारा एक जण, आणि अर्थ हरवलेल्या लॅटिन-पोर्तुगीज शब्दांच्या प्रार्थना. मरियेची मूर्ती उघड ठेवता येत नसे, म्हणून बौद्धांच्या कान्नोन देवीची मूर्ती मरिया मानून पुजीत. ह्या सामग्रीवर सात पिढ्या गेल्या. १८६५ च्या १७ मार्चला उराकामीची काही माणसे नागासाकीत परदेशीयांसाठी नव्याने बांधलेल्या ओउरा देवालयात शिरली. त्यांतील एका बाईने प्रतिज्ञान व्हावे तशी पेतिजाँ ह्या फ्रेंच धर्मगुरूला हळूच ओळख दिली की आमचे मनही तुमच्यासारखेच आहे, आणि मरियेची मूर्ती कोठे आहे ते विचारले.

आता वकीलसाहेबांनी पुढचे ऐकावे. बंदी अजून उठली नव्हती. तरी १८६७ मध्ये ह्याच उराकामीकरांनी आपल्या मृतांचे अंत्यसंस्कार बौद्ध भिक्षूंकडून करून घेण्यास उघड नकार दिला. धरपकड झाली. पुढच्या तीन वर्षांत सुमारे ३४०० माणसे, म्हणजे जवळजवळ सगळे खेडे, देशभर विखरून हद्दपार करण्यात आले. त्सुवानो येथे त्यांना गोठलेल्या तळ्यात बुडविले, अंग हलविता न येईल अशा पिंजऱ्यात कोंडले. काही वाकले, हे लपविण्याचे कारण नाही. सहाशेहून अधिक मेले. ही भित्र्यांची वंशावळ असेल तर भित्रेपणाची व्याख्या पुन्हा लिहावी लागेल. ज्या आज्यांनी प्रतिमेवर पाय ठेवून घरी पश्चात्ताप केला नसता, त्यांना अशी नातवंडे कोठून मिळाली असती?

१८७३ मध्ये बंदीचे फलक उतरले आणि उरलेले लोक घरी आले. सगळेच छुपे ख्रिस्ती रोमच्या छत्राखाली परतले असे मात्र नाही. इकित्सुकी बेटावरील अनेकांनी वाडवडिलांची गुप्त रीतच पुढे चालविली, कारण तिच्यासाठीच त्यांनी इतके सोसले होते. हेही मला निष्ठेचेच एक रूप वाटते, जरी पाद्र्यांना ते रुचले नाही.

उराकामीकरांनी मात्र एक जागा विकत घेतली. ती गावच्या मुखत्याराच्या वाड्याची. तेथेच दरसाल प्रतिमेवर पाय द्यावा लागे. त्या जागेवर त्यांनी १८९५ मध्ये देवालय बांधावयास घेतले. ते पुरे व्हावयास १९१४ साल उजाडले. १९४५ च्या ९ ऑगस्टला सकाळी अकराच्या सुमारास, अणुबाँब पडला तेव्हा, आत धर्मगुरू बसले होते आणि माणसे पापनिवेदन करीत होती.