दोर तुटला, कीं गांठ राहिली?

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एका दोरावरून दोन दिवस वाद चालला होता. धाकट्या बंधूंची नात पुण्यास शिकते. मैत्रिणींसह सह्याद्रींतील एका कड्यावरून 'रॅपलिंग' करण्यास जाण्याची अनुज्ञा तिनें मागितली. आमच्या घरांतून तत्काळ नकार आला. "वर्तमानपत्रांत वाचतों तें पुरे नाहीं कां? दोर तुटतो आणि पोर जाते!" बंधु म्हणाले, "अण्णांनी जन्मभर मुलें सांभाळलीं, त्यांनाच विचारा." निवाडा माझ्यावर आला. तो देण्यास मी किती अपात्र आहें, हें मात्र मला एकट्यालाच ठाऊक होतें. त्याचें कारण पुढें येईल.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहूं. 'रॅपेल' हा मूळचा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ 'परत बोलावणें' असा आहे. दोर खडकास दुहेरी अडकवावयाचा, त्यावरून खालीं उतरावयाचें, आणि मग एक टोक ओढून दोरास परत बोलावून घ्यावयाचें, अशी ही युक्ति. आल्प्स पर्वतांतील शामोनी गांवच्या झां शार्ले नांवाच्या वाटाड्यानें एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पादांत ती प्रचारांत आणली, असें सांगतात.

आम्हां सांगोल्याच्या माणसांना दोर कांहीं नवा नाहीं. या कोरड्या मुलखांत विहिरी खोल. विजेचे पंप येण्यापूर्वी मोटेचा नाडा आणि सोल यांवर शेतकऱ्याचें पोट अवलंबून असे. उन्हाळ्यांत गाळ काढण्यासाठीं माणूस विहिरींत सोडीत, तेव्हां काठावरचा जाणता म्हातारा आधीं दोराचा हात न् हात बोटांनीं चाचपून पाही, मेढ हलवून पाही, आणि मगच "उतर" म्हणे. त्या म्हाताऱ्याचें नांव कधीं छापून आलें नाहीं; कारण त्याच्या विहिरींत कोणी पडलें नाहीं.

आतां वर्तमानपत्रांकडे वळूं. अशा अपघाताची बातमी बहुधा तीन सांच्यांतून निघते : 'दोर तुटला', 'काळानें घाला घातला' आणि 'अतिउत्साह जिवावर बेतला'. पहिल्यांत दोष वस्तूचा, दुसऱ्यांत दैवाचा, तिसऱ्यांत मेलेल्याचा. जो जिवंत आहे, ज्यानें दोर बांधला, त्याच्यापर्यंत दोष क्वचितच पोंचतो.

वास्तविक चांगला दोर नुसत्या वजनानें सहसा तुटत नाहीं. या कामासाठीं वापरावयाच्या न ताणणाऱ्या दोरास युरोपीय मानकाप्रमाणें सुमारें २,२०० किलो भार सोसावा लागतो. माणसाचें वजन सत्तर-ऐंशी किलो. धारदार खडकावर घासून दोर कापला जातो, हें खरें. पण तेथें कातडें किंवा जाड कापड घालावयाचें राहिलें, हें मूळ कारण. पुष्कळदां दोर शाबूत असतो आणि चूक दुसरीकडेच असते. आधारासाठीं एकच मेख ठोकलेली असते. कमरपट्ट्याचें बक्कल पुरतें ओंवलेलें नसतें. कडीचा स्क्रू फिरवावयाचा राहतो. मोकळे केस किंवा ओढणी उतरण्याच्या कडींत अडकते. अथवा दोर जमिनीपर्यंत पोंचत नाहीं आणि त्याच्या टोकास गांठ नसते. उतरणारा त्या टोकावरून सरळ बाहेर निघून जातो.

'अननुभव' हा शब्दहि जपून वापरला पाहिजे. २०१९ च्या नोव्हेंबरांत ब्रॅड गोब्राइट हा नामांकित अमेरिकन आरोहक मेक्सिकोमध्यें असाच दोराच्या टोकावरून निसटून मरण पावला. टोकास गांठ नव्हती. जानेवारी २०२० मध्यें हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत यांना मृत्यूनें गांठलें. त्यांच्यापाशीं तर अनेक दशकांचा अनुभव होता. तात्पर्य, अनुभवी माणसाचाहि घात होतो. परंतु अनुभवी माणसास आपण काय पणास लावीत आहों हें ठाऊक असतें. नवख्यास तें ठाऊक नसतें. नवखेपणा हा गुन्हा नव्हे. नवख्याचा हात धरून त्याला कड्याच्या काठावर नेणारा स्वतःच नवखा असणें, हा गुन्हा.

त्याच कोकणकड्यावरून दोरानें उतरणारी सुमारें वीस जणांची एक तुकडी नोव्हेंबर २०१८ मध्यें अडकली आणि पुढें तिची सुटका झाली. सुटकेच्या थराराचीं वर्णनें सर्वांनी वाचलीं. पण अशा प्रसंगीं एक साधें त्रैराशिक मांडून पाहावें : वीस माणसें, एक दोर, प्रत्येकास पाऊण तास, एकूण पंधरा तास. हिंवाळ्यांतील दिवस अकरा तासांचा. हा हिशेब जो सकाळीं करील, त्याला संध्याकाळीं थराराची गरज पडणार नाहीं. अमेरिकेंतील अल्पाइन क्लब १९४८ पासून दरसाल अशा अपघातांचा वृत्तांत छापतो. त्यांत काय घडलें आणि तें कसें टळलें असतें, हें लिहिलेलें असतें. आमच्याकडे मात्र रविवारच्या पुरवणींत कड्यावर लोंबणाऱ्या तरुणाचें छायाचित्र 'साहस' म्हणून येतें आणि तोच पडला तर सोमवारीं तो 'बेपर्वा' ठरतो.

हें सर्व मी मोठ्या अधिकारानें लिहितों आहें. आतां माझी गोष्ट सांगतों. सुमारें चाळीस वर्षांपूर्वी मी मुलांची सहल घेऊन एका किल्ल्यावर गेलों होतों. ढासळलेल्या तटावरून दोरानें उतरण्याचा मुलांनी हट्ट धरला. मीं बरोबरचा विहिरीचा दोर एका झाडास बांधला. एक मुलगा भीत होता. त्याला म्हटलें, "आजवर कांहीं झालें नाहीं, आतां काय होणार?" तो निम्म्यावर आला आणि त्याचे हात सुटूं लागले. दोर तुटला नाहीं. पण त्याच्या दोन्ही तळहातांचीं सालें निघालीं आणि घोटा मोडला. परत आल्यावर मीं लेखी वृत्तांत दिला : 'विद्यार्थ्याच्या व्रात्यपणामुळें अपघात.' त्याच्या वडिलांनी तो वाचून पोरास माझ्यादेखत दोन थपडा मारल्या. मी गप्प बसलों. वर्तमानपत्रांना मी आज जो दोष देतों, तो मीं माझ्या हस्ताक्षरांत केला आहे.

म्हणून नातीला मीं नकारहि दिला नाहीं आणि होकारहि दिला नाहीं. चार प्रश्न लिहून दिले. आधार किती जागीं, परस्परांपासून स्वतंत्र असे बांधतां? उतरणाऱ्यास दुसरा सुरक्षादोर असतो कीं नाहीं? प्रमुखाचें शिक्षण दार्जिलिंग, उत्तरकाशी यांसारख्या संस्थेंत झालें आहे काय, आणि राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणें नोंदणी केली आहे काय? आणि मोठ्या कड्यापूर्वी लहान खडकावर सराव देतां काय?

तिनें फोन केला. उत्तर आलें, "ताई, घाबरूं नका. आजवर कांहीं झालेलें नाहीं." तें ऐकून माझ्या अंगावर कांटा आला, तें वाक्य माझें होतें. तिनें नांव मागें घेतलें. दुसऱ्या एका मंडळानें चारहि प्रश्नांचीं उत्तरें न रागावतां दिलीं. त्यांनी पहिला संपूर्ण दिवस तीस फूट खडकावरच घालविला. ती जाऊन आली. आल्यावर आजीला म्हणाली, "खालीं उतरायला पांच मिनिटें लागलीं, पण त्याआधीं एकमेकींच्या गांठी तपासण्यांत अर्धा तास गेला."

आमच्या घरांतून एवढेंच उद्गार निघाले, "मग तो अर्धा तास कुणी छापत कां नाहीं?"

त्या मुलाला, आतां तोहि पन्नाशी ओलांडून गेला असेल, मीं गेल्या आठवड्यांत पत्र लिहिलें आहे. वडील आतां हयात नाहींत, हें मला ठाऊक आहे. तरीहि 'व्रात्यपणा' हा शब्द मीं परत घेतला.