पुलाचे बारसे आणि पुलाचे म्हातारपण

आपल्याकडे 'सुदृढ बालक' स्पर्धा असते. गुटगुटीत बाळ, आईच्या चेहऱ्यावर अभिमान, वर्तमानपत्रात फोटो. पुढे त्या बाळाचे काय झाले, हे कोणी विचारायला जात नाही. पोलादी पुलांना मिळणाऱ्या पुरस्कारांविषयी वाचताना मला ही स्पर्धाच आठवत राहते.

'अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ स्टील कन्स्ट्रक्शन' या संस्थेने १९२८ साली सर्वांत सुंदर पोलादी पुलाला बक्षीस द्यायला सुरुवात केली. पहिला मान मिळाला पिट्सबर्गच्या सहाव्या रस्त्यावरील, अ‍ॅलेघेनी नदीवरच्या पुलाला. पोलादाचे शहर म्हणून जे जगभर ओळखले गेले, त्याच्याच घरी पहिला नारळ. निवड मात्र खरोखर गुणाची होती. एरवी झुलत्या पुलाच्या साखळ्या काठावर मोठमोठ्या ठोकळ्यांत जखडून टाकतात. इथे तशी सोय नव्हती, आणि शहराच्या कलामंडळाला तर देखणाच पूल हवा होता. तेव्हा अभियंत्यांनी साखळ्या पुलाच्याच तुळयांच्या टोकांना बांधल्या. साखळी तुळईला आत ओढते, तुळई ताठ राहून ती ओढ पेलते, आणि मधला ४३० फुटांचा गाळा उभा राहतो. स्वतःचाच हात धरून उभे राहण्यासारखे आहे हे! शेजारी अशाच दोन पुलांची जोड असल्याने त्यांना 'तीन बहिणी' म्हणतात. गंमत अशी की थोरल्या दोघी बक्षीस सुरू होण्याआधीच बांधून झाल्या होत्या, त्यामुळे मुकुट धाकटीच्या डोक्यावर गेला. १९९८ पासून या धाकटीला रॉबर्टो क्लेमेंटे या बेसबॉलपटूचे नाव आहे. निकाराग्वातील भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना १९७२ च्या शेवटच्या दिवशी विमान अपघातात गेलेला हा माणूस. नाव शोभते.

आता याच शहरातला दुसरा पूल पाहा. फर्न हॉलो हे त्याचे नाव. बागेतल्या दरीवर, तिरक्या पोलादी पायांवर उभा असलेला, १९७० च्या दशकातला. २८ जानेवारी २०२२ च्या पहाटे, बर्फ पडलेले असताना, तो खाली आला. अंगावर एक जोडबस आणि काही मोटारी होत्या. दरी सुमारे १०० फूट खोल. काही जण जखमी झाले, पण एकही जीव गेला नाही, ही नशिबाची गोष्ट. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष बायडेन रस्ते-पुलांच्या खर्चाविषयीच बोलायला त्या शहरात यायचे होते!

हा पूल विशिष्ट पोलादाचा होता. त्याला रंग लागत नाही. वर गंजाचा एक पातळ, घट्ट थर धरतो आणि तोच आतल्या धातूचे रक्षण करतो. अट एवढीच की पोलाद भिजल्यावर वाळले पाहिजे. इथे पाणी वाहून जायच्या वाटा पाचोळ्याने तुंबल्या. ओला कचरा पायांशी साचून राहिला आणि गंज आतपर्यंत खात गेला. डिसेंबर २०१८ मध्ये एका नागरिकाने आरपार गंजलेल्या दांड्याचा फोटो महापालिकेला पाठवला होता. तपासणीचे अहवाल तर त्याआधीपासून 'साफ करा, दुरुस्त करा' म्हणून सांगत होते. २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने हेच कारण नोंदवले: सूचना वारंवार मिळाल्या, अंमल झाला नाही. म्हणजे कमी पडला तो झाडू.

याच सुमारास, फेब्रुवारी २०२२ मध्ये, क्लेमेंटे पूल दुरुस्तीसाठी बंद झाला आणि डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा उघडला. दोन्ही पूल एकाच शहरातले, पण मालक निराळे: एक परगण्याचा, दुसरा महापालिकेचा. बक्षीस मिळालेल्याची निगा झाली आणि दुसरा वाऱ्यावर सुटला, असे मी म्हणणार नाही. तेवढा पुरावा माझ्याकडे नाही. पण वयाने जवळजवळ निम्मा असलेला पूल पडतो आणि नव्वदी ओलांडलेला उभा राहतो, तेव्हा कौतुक कोणाचे करायचे, हा प्रश्न मला सुटत नाही.

बक्षीसवाल्यांवर अन्याय नको. या पुरस्कारांत पुनर्बांधणीचाही एक वर्ग आहे. पण पुनर्बांधणी म्हणजे पुन्हा नवे काम, नवे कंत्राट. दर पावसाळ्यापूर्वी नळ मोकळा करणाऱ्या माणसाला त्यात जागा नाही. आपल्याकडेही वेगळे काय आहे? १५ जून २०२५ ला, रविवारीच, मावळात इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा लोखंडी पूल पडून ४ माणसे गेली. फिरायला आलेली, तुमच्याआमच्यासारखी.

माझी सूचना साधी आहे. पुलाचे बक्षीस ५० वर्षांनी द्यावे. आराखडा करणाऱ्याचे नाव जरूर वाचावे, पण व्यासपीठावरची खुर्ची ज्याने त्या वर्षांत पूल धुतला, रंगवला, गंजाची नोंद करून वरिष्ठांच्या मागे लागला, त्याला द्यावी. भाषणे थोडी कमी होतील, एवढेच.

फर्न हॉलोला नवा पूल वर्षाच्या आतच, डिसेंबर २०२२ मध्ये उघडला. तो काँक्रीटच्या तुळयांचा आहे. पण बाग तीच आहे, झाडे तीच, आणि पानगळ दरवर्षी व्हायचीच. त्या पुलावरचे पाणी जायच्या वाटा यंदा कोणी साफ केल्या, हे कळले तर मला त्या माणसाचे नाव वाचायला आवडेल.